बाबांचे जुने एक्स-रे

बाबा शिफ्टवरून आले की आई त्यांचा खाकी शर्ट आधी मागच्या गॅलरीत नेऊन झटकायची. दांडिया बाजारातलं आमचं जुनं घर, गॅलरीत संध्याकाळचं तिरकं ऊन यायचं आणि त्यात ती पांढरी धूळ तरंगताना दिसायची, मी बघत बसायचे. आई ओरडायची, हो बाजूला, नाकात जाईल. तिच्या स्वतःच्या नाकात रोज जातेय हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही, तिच्याही नाही.

बाबा फिटर होते. बडोद्याजवळच्या एका केमिकल फॅक्टरीत 1974 ला ठेकेदाराकडे लागले, 1980 ला पर्मनंट झाले आणि 2006 ला रिटायर. पंपाचा दांडा जिथून बाहेर येतो त्या ग्लँडमधून गळायला लागलं की जुनं पॅकिंग हुकने ओढून काढायचं आणि ॲसबेस्टॉसची, म्हणजे न जळणाऱ्या तंतूंच्या खनिजाची, दोरी कापून नवीन भरायचं. पाइपांच्या जोडात बसणारी चकती, गॅस्केट, तर जागेवरच बनवायचे, ॲसबेस्टॉसची शीट फ्लँजवर, म्हणजे पाइपाच्या टोकाच्या कडीवर, धरायची आणि हातोडीने कडेकडेने हळूहळू ठोकत जायचं, फ्लँजच्या काठावर शीट बरोबर कापली जाते. बाबा अजून हाताने करून दाखवतात, मनगट अगदी तसंच हलतं. तोंडाला रुमाल बांधायचे, उन्हाळ्यात तोही नाही.

2019 च्या हिवाळ्यात कोरडा खोकला सुरू झाला, मग जिना चढताना दम लागायला लागला. पहिल्या डॉक्टरांनी टीबी धरला, थुंकी निगेटिव्ह आली तरी सहा महिने गोळ्या दिल्या. काहीच फरक नाही. मग ज्या छातीच्या डॉक्टरांकडे नेलं त्यांनी स्टेथोस्कोप लावायच्या आधी विचारलं, काका, नोकरीत काम काय करायचात? इतक्या महिन्यांत हा प्रश्न विचारणारे ते पहिले! सीटी स्कॅन झाला, ॲसबेस्टोसिस निघाला, म्हणजे ॲसबेस्टॉसच्या धुळीने फुप्फुसं आतून कडक होतात तो आजार, फुप्फुसाच्या आवरणावर जाड चट्टेसुद्धा होते. ही धूळ आत जाऊन बसते आणि दहा-वीस वर्षांनी, कधी चाळीस वर्षांनी वर येते, माणूस तोवर रिटायर होऊन नातवंडं खेळवत असतो.

डॉक्टर म्हणाले, जुने एक्स-रे आणा, किती वेगाने वाढतंय ते कळेल. आणि तिथेच सगळं अडलं.

कारण तपासणी झालीच नव्हती असं नाही ना, दरवर्षी व्हायची. फॅक्टरीत व्हॅन यायची, सगळे लायनीत उभे, एक्स-रे, नळीत जोरात फुंकायचं, रजिस्टरमध्ये सही, आणि तो माणूस म्हणायचा, 'बद्धुं बराबर छे, काका'. कागद कधीच हातात दिला नाही आणि बाबांनी कधी मागितला नाही. मी फॅक्टरीत गेले तर मधल्या काळात मालक दोनदा बदललेले, ऑफिसातल्या मुलाने चहा दिला आणि जुनं रेकॉर्ड नाही म्हणून सांगितलं.

नंतर मी वाचायला बसले तेव्हा खरा राग आला. ॲसबेस्टॉसच्या कामगारांचं हेल्थ रेकॉर्ड नोकरी लागल्यापासून निदान 40 वर्षं किंवा नोकरी सुटल्यावर 15 वर्षं, यातलं जे नंतर येईल तोपर्यंत ठेवायचं, असा सुप्रीम कोर्टाचा जानेवारी 1995 चा निकाल आहे. बाबांचा हिशोब करा, 1974 मध्ये 40 मिळवले की 2014, 2006 मध्ये 15 मिळवले की 2021, म्हणजे बाबा आजारी पडले तेव्हा ते रजिस्टर कपाटात असायलाच हवं होतं. भोपाळनंतर 1987 मध्ये फॅक्टरी ॲक्टमध्येही घातलं होतं की धोकादायक कामावरच्या माणसाची तपासणी कामावर घ्यायच्या आधी, मग दर 12 महिन्यांत, आणि ते काम सोडल्यावरसुद्धा चालू ठेवायची. ते शेवटचं आमच्या ओळखीत कोणाला मिळालेलं मी ऐकलं नाही.

आणि एकेकट्या रिपोर्टमध्ये काही कळत नाही हो, हे मला डॉक्टरांनी समजावलं तेव्हा पटलं. समजा एखाद्याची फुंकर तरुणपणी 4.2 लिटर आहे आणि दहा वर्षांनी 3.3 झाली, तरी त्याच्या उंची-वयाला 3.2 पर्यंत चालतं म्हणून रिपोर्टवर नॉर्मल छापून येणार. वयाने वर्षाला साधारण 30 मिली कमी होतं, म्हणजे दहा वर्षांत 300, याचं गेलं 900. पण ते दिसायला पहिला कागद शेजारी ठेवावा लागतो. तेव्हाच दिसलं असतं तर बाबांना धुळीच्या कामावरून हलवता आलं असतं. ॲसबेस्टोसिस बरा होत नाही, पण पुढची धूळ तरी टळते. आणि बिडी ओढणाऱ्याला कोणीतरी बजावून सांगितलं असतं, कारण ॲसबेस्टॉस आणि तंबाखूचा धूर एकत्र आले की फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका कितीतरी पट वाढतो.

ठेकेदाराकडच्या सहा वर्षांचा तर काहीच पुरावा नव्हता. शेवटी आईच्या लोखंडी पेटीत, माझ्या बारशाच्या फोटोखाली, 1977 चा गेट पास सापडला, कडा कुरतडलेला पण शिक्का दिसतो. ज्यांना एवढंही मिळालं नाही त्यांचं काय? गोध्र्याकडच्या दगडाच्या पावडरीच्या कारखान्यांत झाबुआ-अलिराजपूरचे आदिवासी मजूर सिलिकोसिसने, दगडाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराने, गेले, त्यातल्या 238 जणांच्या घरच्यांना 3-3 लाख द्या असं 2016 मध्ये कोर्टाला गुजरात सरकारला सांगावं लागलं.

तुमच्या घरी कोणी बॉयलर, लॅगिंग (गरम पाइपांना वेष्टण घालायचं काम), पॅकिंगच्या कामावर होतं का? असेल तर गेट पास, पगाराची स्लिप, कामगार विम्याचं म्हणजे ईएसआयचं कार्ड, जे असेल ते आजच पेटीतून काढा आणि फोटो काढून ठेवा, आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी कामाचं आपणहून सांगा. बडोद्यात पीपल्स ट्रेनिंग अँड रिसर्च सेंटर ही संस्था यावर काम करते, अहमदाबादला सरकारची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे. माझा भाचा बडोद्याजवळच्या नंदेसरीला केमिकलमध्ये लागलाय, त्याला मी पहिल्या तपासणीची कॉपी मागायला लावली, दोनदा नाही म्हणाले, तिसऱ्यांदा दिली.

आईचाही एक्स-रे काढला. ती म्हणत होती मला काय धाड भरलीय, मी कधी फॅक्टरीचं गेट पाहिलं नाही. एका बाजूला छोटा चट्टा आहे, आता दरवर्षी बघायचं.

बाबांनी गेल्या महिन्यात कालनिर्णयच्या मागच्या पानावर त्यांच्या गँगमधल्या अकरा जणांची नावं लिहिली आणि दुपारी फोन लावत बसतात, बोलताना मध्ये थांबून श्वास घेतात. तिघे गेलेत. चौघांना एक्स-रे काढायला तयार केलंय. बाकीच्या चौघांचे नंबर मिळत नाहीत, त्यातले एक पूर्वी नवापुऱ्यात राहायचे, तर रविवारी आम्ही दोघं रिक्षाने जाऊन विचारून येणार आहोत.