अँबेसेडर मार्क थ्रीमध्ये इसुझूचं इंजिन: फाउंडेशनचे टाके दोनदा

इंजिन गाडीत उतरलं. बसलं असं मात्र एवढ्यात म्हणत नाही.

ज्यांना मागचं माहीत नाही त्यांच्यासाठी: गाडी वडिलांची अँबेसेडर मार्क थ्री, १९७७ची. मूळ इंजिन बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन), १४८९ सीसी. नवं म्हणजे हिंदुस्तान मोटर्सच्याच कॉन्टेसा गाडीतून निघालेलं इसुझूचं १८१७ सीसी पेट्रोल, सोबत त्याचाच पाच गिअरचा बॉक्स. कागदावर फरक ३२८ सीसीचा, पण दोघांचा स्वभावच वेगळा. बीएमसीचा बोअर (सिलिंडरची रुंदी) ७३ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) जवळपास ८९, म्हणजे दमाने ओढणारा बैल. इसुझूचं माप ८४ बाय ८२, व्हॉल्व्ह उघडणारा कॅम वर हेडमध्येच, फिरायला मोकळं. कंपनीने पुढे स्वतःच अँबेसेडरला इसुझूचं १८०० दिलं होतं, त्यामुळे बसेल की नाही ही शंका नव्हती. अमळनेरला घरामागच्या खळ्यात, पत्र्याच्या शेडमध्ये, आपल्या हाताने बसेल का, एवढंच बघायचं होतं.

कागदांचं आधीच सांगतो, कारण दर वेळी कुणीतरी विचारतंच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा आणि काम सुरू करण्याआधी आरटीओत अर्ज द्या. इंजिन नंबर बदलला की आरसीवरही तो बदलावा लागतो. भंगारातून इंजिन घेताना बिल मागायला लाजू नका. मी जवळजवळ लाजलो होतो.

आता उचलण्याचं. क्रेनचं भाडं ऐकून गप्प बसलो. शेजारच्या मळ्यात बोअरवेलची मोटर काढायची तीन पायांची पाइपची घोडी होती, ती चेन कुप्पीसकट मागून आणली. दोन पाय गाडीच्या दोन बाजूंना, तिसरा नाकासमोर. बॉनेट, बंपर, शोची जाळी, रेडिएटर सगळं काढलं तरी तिसऱ्या पायात आणि गाडीत चार बोटंच उरत होती. यात एक गोष्ट कळली: लटकलेलं इंजिन हलवायच्या भानगडीत पडू नका. ते जागेवर स्थिर लटकू द्या आणि गाडीच त्याच्याखाली ढकला. न्यूट्रलमधली अँबेसेडर दोन पोरं एका बोटाइतकीही सरकवू शकतात. इंजिन आणि बॉक्स जोडूनच उतरवले, पुढची साखळी आखूड आणि मागची लांब ठेवून, म्हणजे बॉक्सची शेपटी आधी गाडीच्या तळातल्या बोगद्यात शिरते.

मध्ये आखाजी (अक्षय्य तृतीया) आली. बहीण पोरींना घेऊन माहेरी, आणि पोरींनी घोडी बघितली. दोन दिवस इंजिन लाकडी ओंडक्यांवर आणि घोडीला झोका. बहिणीने गाडीत डोकावून विचारलं, गिअर आता खाली येणार का? येणार म्हटलं, मार्क थ्रीचा स्टिअरिंगवरचा दांडा निघणार, नवा बॉक्स फ्लोअर गिअरचा आहे. "मग पुढे मधे कोण बसणार?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. लहानपणी ती जागा तिची होती.

आखाजीनंतरच्या रविवारी फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते रबर आणि ब्रॅकेट, केलं. ऊन असं की नऊनंतर पाना हातात धरवत नाही, म्हणून सकाळी सहा ते नऊ आणि मग संध्याकाळी. इंजिन चेनवर लटकतं, पुठ्ठ्याचे नमुने कापून ब्रॅकेट बनवले, माप बरोबर, रबर बसवले, वेल्डिंगचे टाके मारले. मिस्तरी (वय सत्तरच्या पुढे, आयुष्य अँबेसेडरखाली गेलेलं) ओट्यावर बसून बघत होते. अहिराणीत म्हणाले, "कसाले घाई करस रे भो?" (कशाला घाई करतोस?) मला वाटलं, उन्हामुळे म्हणतायत. चेन सोडली. इंजिन रबरावर दबलं, थोडं मागे कललं, आणि इंजिनखालचं ऑइल चेंबर गाडीच्या आडव्या पट्टीला, क्रॉस मेंबरला, जाऊन टेकलं. कागदसुद्धा मधून जाईना.

चूक साधी होती. टाके मारले तेव्हा वजन चेनवर होतं. रबर दबल्यावर इंजिन कुठे येणार, ते मी मापलंच नव्हतं. अँबेसेडरला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी, त्यामुळे चुकीच्या जागी पक्कं वेल्डिंग झालं असतं तर पुढे प्रत्येक खड्ड्यात चेंबर ठोकलं गेलं असतं. टाकेच होते, ग्राइंडरने दहा मिनिटांत उडवले. ती दहा मिनिटं मिस्तरी काही बोलले नाहीत, हे जास्त लागलं.

दुसऱ्यांदा उलटं केलं. इंजिन आणि बॉक्स हव्या त्या उंचीला जॅक आणि लाकडी फळ्यांवर ठेवले, चेन पूर्ण ढिली. रबर शिकंज्यात दाबून बघितले, किती बसतात ते मोजलं, तेवढी उंची ब्रॅकेटमध्ये वाढवली. कोन बघायला गवंड्याची लेव्हल बॉटल पुरली: बॉक्सच्या मागच्या फ्लँजचा (शाफ्ट जोडायची चकती) आणि हाउसिंगच्या, म्हणजे मागच्या अॅक्सलच्या, फ्लँजचा कल एकमेकांना समांतर हवा, नाहीतर शाफ्टच्या दोन टोकांचे जॉइंट क्रॉस थरथरत मरतात. मग टाके, मग चेंबरखाली बोट फिरवलं. आता १४ मिमी जागा आहे. मिस्तरींनी स्वतः वाकून बघितलं. "बठनं," (बसलं) एवढंच.

राहिलेलं: प्रोपेलर शाफ्ट (बॉक्सपासून मागच्या अॅक्सलपर्यंतचा दांडा) धुळ्याला लेथवर आखूड करायला द्यायचा आहे. माप गाडी चाकांवर उभी असताना घेतलं. जॅकवर घेतलं तर हाउसिंग खाली लोंबतं आणि माप फसतं. हाउसिंगचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) मोजला, एक चाक जमिनीवर ठेवून दुसरं दोन फेरे फिरवायचं आणि शाफ्टचे फेरे मोजायचे. साडेचारच्या वर येतोय, म्हणजे पाचव्या गिअरचा फायदा हायवेवर तसा अर्धाच. बदलायचा की नाही, ठरलेलं नाही. त्याआधी ब्रेक. चारही ड्रमवर हे इंजिन मी पळवणार नाही, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक शोधतोय. रेडिएटरला नळ्यांची तिसरी ओळ आणि इलेक्ट्रिक पंखा, कारण आमच्याकडच्या मे महिन्यात जुना पंखा भरवशाचा नाही.

एक अडचण: नवं इंजिन टाकल्यावर नाक पुढून पाऊण इंच खाली आलंय. टॉर्शन बार (पुढच्या सस्पेन्शनची पिळली जाणारी सळई) एक दात फिरवावा लागेल असं दिसतंय. ज्यांनी तो फिरवलाय, त्यांनी उतरवण्याआधी खूण कुठे केली होती, तेवढं सांगा.