वाक्य तयार होईपर्यंत विषय पुढे जायचा

विद्यापीठातल्या पहिल्या सेमिनारला मी पन्नास मिनिटं तोंड उघडलं नाही. सांगण्यासारखं काही नव्हतं असं नाही. नेमून दिलेला लेख दोनदा वाचला होता, समासात पेन्सिलीने टिपा काढल्या होत्या. पण आधी मनात मराठी वाक्य जुळवायचं, मग त्याचं इंग्रजी करायचं, काळ तपासायचा, 'द' लागतो का ते बघायचं. एवढं होईपर्यंत चर्चा दोन मुद्दे पुढे गेलेली असायची आणि ते तयार वाक्य तसंच गिळावं लागायचं. तास संपल्यावर जिना उतरताना मात्र तेच वाक्य अगदी अस्खलित यायचं. ऐकायला कोणी नसायचं, एवढंच.

प्रवेशासाठी आयेल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा दिली होती आणि त्यात बोलण्याचे गुण बरे होते, म्हणून जास्त लागलं. ती तोंडी परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते. मधल्या भागात हातात एक कार्ड देतात. एक मिनिट तयारीला आणि मग दोन मिनिटांपर्यंत तुम्ही एकटेच बोलता. परीक्षक तुमची पाळी तुम्हाला आणून देतो. सेमिनारमध्ये ती आपण घ्यायची असते, आणि हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

नंतर एका वाचनात कारण सापडलं. २००९ साली दहा भाषांमधल्या प्रश्नोत्तरांची तुलना झाली होती. एकाचं बोलणं संपल्यापासून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी जेमतेम २०० मिलिसेकंद जातात. चित्र बघून त्यातल्या वस्तूचं नुसतं नाव उच्चारायलाही साधारण ६०० लागतात. म्हणजे समोरचा बोलत असतानाच ऐकणाऱ्याची तयारी सुरू झालेली असते. आणि मी काय करत होते? आपलं क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ लागतं. मराठीतून भाषांतर करायचं तर मराठी वाक्य शेवटपर्यंत गेल्याशिवाय इंग्रजीला सुरुवातच करता येत नव्हती. व्याकरण कच्चं नव्हतं, मी निघतच उशिरा होते.

मग मी चर्चेत शिरायची सात-आठ वाक्यं घोटून ठेवली. 'कॅन आय गो बॅक टु दॅट पॉइंट अबाउट...', 'आय रेड इट अ बिट डिफरंटली', असली. चालताना, भांडी घासताना ती इतकी म्हटली की पुढे विचार न करता तोंडून निघायला लागली. ती म्हणत असताना डोक्याला दोन सेकंद मिळतात आणि तेवढ्यात पुढचे शब्द जमतात. शिवाय स्वतःला एक नियम घातला: पहिल्या दहा मिनिटांत काहीतरी बोलायचंच, निदान प्रश्न तरी. उशीर होईल तसतसं धाडस कमी होत जातं, हे मी पुरेपूर अनुभवलं होतं.

प्रश्नावरून आठवलं. एकदा मी हात वर करून म्हटलं, 'आय हॅव अ डाउट.' प्राध्यापकांनी पेन खाली ठेवलं आणि फार गंभीरपणे विचारलं, शंका आकड्यांबद्दल आहे की निष्कर्षाबद्दल? मला फक्त दुसऱ्या ओळीचा अर्थ हवा होता. मराठीतली 'शंका' प्रश्न आणि अविश्वास दोन्हींचं काम करते. त्यांच्या कानाला 'डाउट' म्हणजे निव्वळ अविश्वास. तेव्हापासून 'क्वेश्चन' म्हणते.

सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात उपयोगी पडलेलं काम म्हणजे स्वतःचं रेकॉर्डिंग. लेखातला एक परिच्छेद वाचायचा, तो बंद करून फोनवर एक मिनिट आपल्या शब्दांत सांगायचा आणि ऐकायचा. पहिल्या वेळी अर्ध्यातच बंद केलं. एका मिनिटात नऊ वेळा 'बेसिकली'! आणि प्रत्येक वाक्याचं शेपूट पुटपुटण्यात गेलेलं. दुसरं कळलं ते आघाताबद्दल, म्हणजे शब्दात जोर कुठे द्यायचा त्याबद्दल. मराठीत आपण सगळी अक्षरं साधारण सारख्या वजनाने बोलतो. इंग्रजीत 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अवयवावर, म्हणजे उच्चाराच्या पहिल्या तुकड्यावर, 'फोटोग्राफी'त दुसऱ्यावर, 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर. मी 'डेव्हलप'चा जोर पहिल्यावर देत होते, तो दुसऱ्यावर हवा. लोक 'हं?' करायचे ते यामुळे, आणि मी उगाच काळ सुधारत बसले होते. आपला एकच 'व' तिथे दोन होतो, त्याचा सराव आरशासमोर केला: एकाला वरचे दात खालच्या ओठावर, दुसऱ्याला ओठांचा चंबू. घरात कोणी नसताना करावा.

सादरीकरण आधी पाठ करून गेले होते. मध्येच कोणीतरी प्रश्न विचारला आणि धागा तुटला तो तुटलाच. पुढच्या वेळी कार्डावर फक्त पाच शब्द लिहिले. अडखळले, पण हरवले नाही.

आठवड्यातून दोनदा एका वर्गमैत्रिणीबरोबर बसायचे. तिचीही मातृभाषा इंग्रजी नव्हती. दहा मिनिटं ती, दहा मिनिटं मी. मध्ये टोकायचं नाही, शेवटी दोनच चुका सांगायच्या. दोन म्हणजे दोनच. आधी आम्ही सगळ्या सांगायचो, तेव्हा तिसऱ्या भेटीलाच दोघींनाही काही ना काही काम निघालं होतं.

वर्षाच्या शेवटच्या सेमिनारला मी बोलत असताना एकाने मध्येच तोडलं. मी शांतपणे म्हटलं, 'सॉरी, लेट मी फिनिश.' हे वाक्य घोटलेल्यांपैकी नव्हतं, आपसूक आलं. सगळे थांबले, माझ्याकडे बघायला लागले, आणि पुढे काय सांगायचं होतं तेच मी विसरले.