20 सीसीची लो-विंग: शिसं न लावता सीजी जागेवर

रविवारी माझ्या रिमोटवरच्या मॉडेल विमानाचा प्रॉप (नाकावरचा फिरता पंखा) मोडला. लाकडी, 16 बाय 8 इंची, नवा कोरा. डीएलई-20 हे 20 सीसीचं पेट्रोल इंजिन बसवल्यानंतरची ही दुसरीच फ्लाइट. इंजिनाबद्दल तक्रार नाही, एका फटक्यात सुरू होतंय. इंजिन ज्या भिंतीवर बसतं त्या फायरवॉलला आतून त्रिकोणी पट्ट्या आणि सावकाश सुकणारं अराल्डाइट लावलं होतं, तेही जागचं हललेलं नाही. (पाच मिनिटांचं इपॉक्सी तिथे वापरू नका, गरम झालं की मऊ पडतं.) घात झाला तो उतरताना. एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची फळी) पूर्ण ओढला तरी नाक उचलेना, चाकं वेगात टेकली आणि विमान नाकावर उभं राहिलं.

सीजी, म्हणजे विमानाचा गुरुत्वमध्य, लिडिंग एजपासून (विंगच्या पुढच्या कडेपासून) 100 मिमीवर हवा, माझा 80 वर होता. नाकात थोडं जड असलेलं चालतं असं मी धरून चाललो होतो. हवेत चालतं. उतरताना नाही, आणि टेलड्रॅगरला (मुख्य चाकं पुढे, छोटं चाक शेपटीला) तर मुळीच नाही.

हिशोब असा. आधीचं 10 सीसी ग्लो (मिथेनॉलवर चालणारं इंजिन) काढून हे इंजिन, इग्निशन आणि त्याचा बॅटरी पॅक टाकला, तेव्हा नाकावर 250 ग्रॅमच्या आसपास वाढले. विमान आता 3,400 ग्रॅम. सीजी 20 मिमी मागे न्यायचा म्हणजे 68,000 ग्रॅम-मिमी, आणि शेपटी सीजीपासून 850 मिमीवर. म्हणजे शेपटीत 80 ग्रॅम शिसं. ते चिकटवायला माझा हात धजेना.

मैदानावरच्या काकांना फोन केला. ते म्हणाले, "अरे, शिसं कसलं लावतोस? जे आत आहे तेच मागे ने की."

टाकीखालचा 120 ग्रॅमचा रिसीव्हर पॅक (रेडिओची बॅटरी) 350 मिमी मागे, बाहेरून टेपने बांधून पाहिला. 12 मिमी मिळाले. उरले 8. मग 45 ग्रॅमचा एलेव्हेटर सर्व्हो (एलेव्हेटर हलवणारी छोटी मोटर) 600 मिमी मागे, थेट स्टॅबखाली, म्हणजे शेपटीच्या आडव्या पंखाखाली. बाल्साचं हलकं लाकूड कापून प्लायची चौकट बसवली, वरची प्लास्टिक फिल्म इस्त्रीने परत ओढून घेतली. बोटांवर तोलला तर 99! रात्री साडेअकराला घरच्यांना उठवून दाखवलं. सर्व्होपासून शेपटीपर्यंतचा लांब पुशरॉड (जोडदांडी) गेल्यामुळे एलेव्हेटरचा ढिलेपणाही गेला. आता पृष्ठभाग बोटाने दाबला तरी हलत नाही. सर्व्होची वायर जाड आणि पिळाची घ्या. बाजारातली तयार एक्स्टेंशन बारीक असतात, मी स्वतः क्रिंप केली.

पॅकसाठी पोटात हॅच (झाकणाची खिडकी) कापायची बाकी आहे. पण हे लिहिता लिहिता एक गोष्ट लक्षात आली. सीजी आपण रिकाम्या टाकीवर मोजतो. माझी 250 मिलीची टाकी भरली की 185 ग्रॅम पेट्रोल सीजीच्या 180 मिमी पुढे बसतं, म्हणजे टेकऑफला सीजी परत 9 मिमी पुढे. ग्लोला टाकी कार्बजवळ (कार्ब्युरेटरजवळ) लागायची. पेट्रोलच्या कार्बला स्वतःचा डायफ्रामचा पंप आहे, तो लांबून ओढतो. मग टाकी सरळ सीजीवर का नको?

तिथे सध्या रडरचा सर्व्हो आहे. तोही शेपटीत नेला तर आणखी 27,000 ग्रॅम-मिमी मिळतात, आणि त्या बदल्यात पॅक 225 मिमी पुढे येऊ शकतो, जिथे विंग काढली की हात पोचतो. म्हणजे हॅचची गरजच नाही. करवत ठेवून दिली.

टाकी हलवताना स्टॉपर आणि नळी पेट्रोलचीच हवी, सिलिकॉन फुगतं. आणि आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते ओलावा धरतं; उडवून झालं की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद होईपर्यंत चालवतो.

नवा प्रॉप आला आहे. शनिवारी रडरची चौकट, रविवारी टाकी भरलेली आणि रिकामी असे दोन्ही सीजी मोजून मगच मैदान.