लालबाग, कसबा आणि मधलेच आम्ही

परवा दुपारी डोंबिवली स्टेशनबाहेर पाऊस आला म्हणून एका वडापाववाल्याच्या छपराखाली शिरलो. वर बघतो तर छप्पर म्हणजे जुना फ्लेक्स, छापील बाजू खाली करून ताणलेला. वाढदिवसाचा होता. एका भाऊंचा गॉगलवाला चेहरा, खाली 'भावी आमदार', कोपऱ्यात पक्षाचं चिन्ह. तो पक्ष भाऊंनी सोडून जमाना झाला. फ्लेक्स मात्र अजून तिथेच निष्ठेने पाणी अडवतोय.

मला एक नाद आहे, नवीन एरियात गेलो की फ्लेक्स वाचून तिथला कल ओळखायचा. ठाण्यात पक्ष कुठलाही असो, वरच्या कोपऱ्यात दिघेसाहेब असतातच. विरारला आप्पा, म्हणजे हितेंद्र ठाकूर. पिंपरीला अजितदादा, आणि दादांच्या खाली आणखी पाच-सहा लोकल दादा उतरत्या क्रमाने. पेठांमधे फ्लेक्सवरच्या मजकुरात शुद्धलेखन बघायचं असं बायको म्हणते. ती कोथरूडची आहे त्यामुळे असं म्हणणारच.

आमच्याकडे हा वाद कायमचा. तिच्या मते मुंबई भावनेवर मत देते आणि पुणं विचार करून देतं. मी म्हणतो विचार करता करता सहा वाजतात आणि केंद्र बंद होतं. मग ती म्हणते आमच्याकडून एसेम जोशींसारखे समाजवादी निवडून गेलेत १९६७ ला, त्याआधी ५७ ला नानासाहेब गोरे. मी म्हणतो त्याच ६७ ला आम्ही काँग्रेसच्या स. का. पाटलांना पाडलंय जॉर्ज फर्नांडिसकडून, आणि ७७ ला मुंबईतून अहिल्याताई रांगणेकर गेल्या, चक्क मार्क्सवादी. भांडण रंगात आलं की माझा हुकमी पत्ता म्हणजे, २००९ ला कोथरूड मतदारसंघ नवीन झाला तेव्हा तुमचा पहिला आमदार शिवसेनेचा होता गं. यावर ती चहा टाकायला उठते.

खरं तर मी दोन्हीकडचा. मामा लालबागला चाळीत आणि आत्या कसब्यात वाड्यात. ८९ ची लोकसभा आली ती नेमकी दिवाळीच्या सुट्टीला खेटून, त्यामुळे अर्धी सुट्टी इकडे आणि अर्धी तिकडे अशा दोन्ही शहरांतल्या प्रचाराच्या जीप मला मिळाल्या. आम्हा पोरांना पक्षाशी काही देणंघेणं नव्हतं, आम्हाला बिल्ले पाहिजे होते. जीप आली की मागे धावायचं, कर्ण्यातून काय ओरडतायत तेच आपणही ओरडायचं म्हणजे आतला माणूस खूष होऊन मूठभर बिल्ले फेकायचा. त्यांचे भाव ठरलेले होते. मोठ्या पक्षाचे ढिगाने मिळायचे म्हणून त्यांना किंमत नाही, खरा भाव अपक्षांना. शिलाई मशीनचा एक बिल्ला घ्यायला मी चार पंजे आणि दोन कमळं दिल्याचं आठवतंय, आणि तो मशीनवाला उमेदवार बहुतेक स्वतःच्या गल्लीतसुद्धा कोणाला माहीत नसावा. सगळे एकदम शर्टाला लावायचे. टाचण्यांनी शर्टाची चाळण झाली म्हणून आईने धोपटलं होतं.

लालबागला मात्र मोठ्या माणसांचं असं नव्हतं. आजोबा लाल बावट्याचे. कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला ७० साली आणि पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक निवडून आले, सेनेचे पहिले आमदार, तेव्हापासून म्हणे आजोबा आणि मामा एकमेकांशी राजकारण या विषयावर बोललेच नाहीत. मामा तेव्हा विशीतला, शाखेत जायचा. दहा बाय बाराची खोली, त्यात एक लाल माणूस एक भगवा माणूस आणि मधे आजीचा स्टोव्ह. ८२ च्या गिरणी संपात दोघेही घरी बसले तेव्हासुद्धा विषय निघाला नाही, फक्त मामी शिलाईची कामं घेऊ लागली.

आत्याकडे बरोबर उलट, तिथे दुसरा विषयच नसायचा. काका रविवारी ओसरीवर बसून भाडेकरूंना ऐकवायचे की पुणं कधी बदलणार नाही. तेव्हा काँग्रेसच्या बॅरिस्टर गाडगीळांची तिसरी टर्म होती. ९१ ला अण्णा जोशी आले, पुण्यातला भाजपचा पहिला खासदार, आणि काकांनी त्याच ओसरीवरून सांगितलं की हे तर होणारच होतं. कसब्यात २०२३ च्या पोटनिवडणुकीला काँग्रेसचे धंगेकर आले आणि चोवीसला परत कमळ आलं, या दोन्हीला काका असते तरी हेच म्हणाले असते.

पण मला जे सांगायचं होतं ते हे की मुंबई काय नि पुणं काय, दोघींचं जे वाजतगाजत होतं ते उपनगरात आधी होऊन गेलेलं असतं. शिवसेना निघाली ६६ ला आणि पहिली सत्ता मिळाली ती कुठे, तर ठाणे नगरपालिकेत, ६७ ला. मुंबई महापालिका स्वबळावर यायला ८५ उजाडलं. अठरा वर्षं! जनसंघाचंही तेच. पुण्याला ९१ पर्यंत जे जमलं नाही ते इकडे कल्याण-डोंबिवलीच्या जोरावर ठाणे लोकसभेत ७७ ला झालं होतं, जनता पक्षाच्या नावाने का होईना. आणि निवडून आले कोण, तर रामभाऊ म्हाळगी, म्हणजे पुण्यात आमदारकी केलेला माणूस! खासदार व्हायला त्यांना घाट उतरून यावं लागलं. पुढे राम कापसे, आणि पलीकडे बोरिवलीकडे राम नाईक. आमच्या आळीत एक आजी होत्या, त्या म्हणायच्या आपल्याला नाव लक्षात ठेवायची कटकट नाही.

म्हणून उपनगर म्हणजे उजवंच असंही नाही. गोरेगाव होतं ना समाजवादी मृणालताई गोरेंचं, हंडा मोर्चे, लाटणी मोर्चे. ७७ ला 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में' ही घोषणा झाली ती त्या निवडून आल्या आणि इंदिराबाई पडल्या म्हणून. इकडे पिंपरी-चिंचवड बघा, एवढे कारखाने, एवढे कामगार, पण गिरणगावासारखा लाल रंग तिथे महापालिकेवर काही चढला नाही, आधी काँग्रेस मग वर्षानुवर्षं राष्ट्रवादीचं घड्याळ आणि २०१७ ला कमळ. याचं कारण मला विचाराल तर गावकीभावकी. जमीन कोणाची होती, प्लॉट कोणी पाडले, टँकर कोणाचा, लग्नाला कोण येतो. हे मार्क्समधे नाही बसत आणि संघाच्या बौद्धिकातही नाही.

आता खरी गंमत. २००८ ला मतदारसंघांची नवी रचना झाली त्यात मावळ म्हणून लोकसभा निघाली. तिच्यात पिंपरी आणि चिंचवड, आणि घाटाखाली कर्जत, पनवेल, उरण. म्हणजे पुण्याचं उपनगर आणि मुंबईचं उपनगर यांचा खासदार एकच! २००९ ला गजानन बाबर, मग तीनदा श्रीरंग बारणे. इकडे आम्ही मिसळीत पोहे घालावेत का यावर रक्त आटवतोय आणि तिकडे पनवेल आणि चिंचवड खंडाळ्याच्या वरून हातात हात घालून एकाच यादीत बसलेत.

हे बायकोला सांगितलं तर तिने वरचढ सांगितलं. तिचा भाऊ हिंजवडीला राहतो, बत्तिसाव्या की कितव्यातरी मजल्यावर, आणि हिंजवडी म्हणजे मुळशी तालुका, विधानसभेला भोर आणि लोकसभेला बारामती. समोर आयटी पार्क, खाली ग्रामपंचायत, सोसायटीला पाणी टँकरने. त्याला विचारलं चोवीसला तू सुप्रियाताई की सुनेत्राताई, तर म्हणाला माझं नाव अजून कोथरूडलाच आहे, कोण ते फॉर्म भरत बसणार.

असे किती असतील? २०१९ ला कल्याण लोकसभेला निम्म्या लोकांनीसुद्धा मत दिलं नाही. त्यातले आळशी किती आणि नाव भलतीकडे असलेले किती हे कुठे कळतं. आमच्या मामाने चाळीतली खोली विकून इथे डोंबिवली पूर्वेला घर घेतलं, पण नाव लालबागच्या यादीतच ठेवलं. प्रत्येक निवडणुकीला सकाळची लोकल पकडून तो परळला उतरायचा, मत द्यायचा, जुन्या लोकांबरोबर चहा प्यायचा आणि दुपारी परत. तिथे आता चाळ नाही, टॉवर आहे. जुनी माणसंही फार उरली नाहीत, एकजण बदलापूरला गेला, एक विरारला. गेल्या खेपेला गेला तर यादीत नावच नव्हतं. कोणीतरी पत्त्यावर माणूस राहत नाही म्हणून उडवलं, जे खरंच होतं.

यादीत नाव घालायचा सहा नंबरचा फॉर्म मी आणून दिलाय. मामी रोज म्हणते भरा एकदाचा, नाहीतर इथे पाणी गेलं की कोणाच्या नावाने बोंब मारणार. मामा म्हणतो, बघू.