रुळांच्या पलीकडचं फरीदाबाद

शुक्रवार, रात्री

काल संध्याकाळी ऑफिसमधून परस्पर फरीदाबादला गेले, आज दुपारी परतले. आजची रजाच टाकली होती. पाय दुखताहेत, पण आत्ता लिहून ठेवलं नाही तर यातलं निम्मं उद्यापर्यंत निसटून जाईल.

दिल्लीत राहायला आल्यापासून फरीदाबादबद्दल कानावर आलं ते इतकंच: तिथे घर परवडतं आणि तिथून रोज दिल्लीला येता येतं. आमच्या विभागातली बरीच माणसं तिकडची. संध्याकाळी काम कितीही रंगात आलेलं असू दे, ठरावीक वेळ झाली की ती उठतात आणि कुणी त्यांना थांबवत नाही. माझी मैत्रीण त्यांच्यातलीच. लग्न होऊन तिकडे गेली आणि तेव्हापासून रोजचं येणं-जाणं. 'एकदा राहायलाच ये,' म्हणून ती मागे लागली होती. 'आणि मेट्रोने नको, माझ्याबरोबर ईएमयूने चल.' ईएमयू म्हणजे इकडची लोकल गाडी.

टिळक ब्रिजला आम्ही बायकांच्या डब्यात चढलो. मुंबईच्या लोकलची सवय असलेल्या माणसाला पहिला धक्का बसतो तो इथे. एक गाडी गेली की पाठोपाठ दुसरी येईल असा भरवसाच नाही. वेळापत्रक प्रत्येकीला पाठ, आणि एखादी गाडी चुकली तर सगळी संध्याकाळच विस्कटते. शिवाय मथुरा-आग्र्याकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्या याच मार्गाने जातात, त्यांना वाट द्यायला ईएमयूला थांबावं लागतं. तुघलकाबादच्या अलीकडे गाडी उभी राहिली तेव्हा डब्यात कुणी खिडकीतून डोकावलंसुद्धा नाही. माझ्या समोरच्या बाईने ओखला सोडल्यावर पायातले बंद बूट काढले, पिशवीतून स्लीपर काढून घातल्या, बूट वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले आणि मग पहिल्यांदा पाठ टेकून बसली. तिचं ऑफिस तिथे संपलं असावं. पुढचा सगळा वेळ ती शेजारणीशी मुलाच्या गणिताच्या शिकवणीबद्दल बोलत होती. मैत्रीण म्हणाली, या दोघी गाडीतच भेटल्या आणि आता एकमेकींच्या घरच्या लग्नकार्यांनाही जातात.

मेट्रो असताना ही ईएमयू कशाला, असं मी विचारलंच. मेट्रो बदरपूरच्या पुढे फरीदाबादेत शिरली 2015 च्या सप्टेंबरात आणि बल्लभगडला पोचली 2018 च्या नोव्हेंबरात. बाईमाणसाला रात्री उशिरा परतायचं असेल तर तिच्यासारखं सुख नाही, हे मैत्रिणीलाही मान्य आहे. पण मेट्रो धावते मथुरा रोडवरून. हिचं घर रुळांच्या पश्चिमेला, एनआयटी नावाच्या वस्तीत. म्हणजे मेट्रोतून उतरा, ई-रिक्षा शोधा, उड्डाणपूल ओलांडा. आणि महिन्याचा हिशेब मांडला तर रेल्वेची एमएसटी, म्हणजे मासिक पास, मेट्रोच्या मानाने कितीतरी स्वस्त. नकाशावर रेषा ओढली की प्रवास सुटला असं आपण धरून चालतो. स्टेशनपासून घरापर्यंतचं अंतर त्या रेषेत कुठेच दिसत नाही, आणि दमलेल्या माणसाचा जीव खरा तिथेच जातो.

रात्री जेवताना मैत्रिणीच्या सासऱ्यांची ओळख झाली. सगळे त्यांना बाऊजी म्हणतात, मीही म्हणू लागले. ऐंशी ओलांडलेले, ताठ, आवाज खणखणीत. मी कुठून आले हे विचारून झाल्यावर त्यांचा पुढचा प्रश्न होता, 'बन्नू का नाम सुना है?'

ऐकलं होतं. हे शहर कुणी वसवलं याबद्दल थोडं वाचून गेले होते. जुनं फरीदाबाद तसं 1607 मधलं. जहांगीराचा खजिनदार शेख फरीद याने दिल्ली-आग्रा रस्त्यावर वसवलेलं. पण एनआयटी हे वेगळंच प्रकरण आहे. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून, म्हणजे बन्नू, डेरा इस्माईल खान, कोहाट, पेशावर या भागांतून आलेल्या हिंदू-शिखांसाठी 1949 मध्ये ते हाती घेतलं गेलं. सरकारच्या मनात या लोकांना अलवर-भरतपूरकडे पाठवायचं होतं. त्यांच्यात खान अब्दुल गफारखानांच्या खुदाई खिदमतगार चळवळीत तयार झालेली माणसं होती. त्यांनी ऐकलं नाही, दिल्लीत येऊन निदर्शनं केली, आणि अखेर दिल्लीजवळच जागा मिळाली. त्यासाठी जे विकास मंडळ नेमलं त्याचे अध्यक्ष राजेंद्रप्रसाद होते, आणि नेहरू स्वतः त्यात लक्ष घालत होते. कमलादेवी चट्टोपाध्याय यांची इंडियन कोऑपरेटिव्ह युनियन तिथे उतरली. लक्ष्मीचंद जैन तेव्हा ऐन पंचविशीतले, तेही त्याच कामात होते. ठेकेदाराला काम देऊन निर्वासितांनी रांगेत उभं राहून घर घ्यायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. ज्यांना घर हवंय त्यांनीच सहकारी सोसायट्या काढायच्या, मजुरी घ्यायची आणि बांधायचं.

हे वाचताना सोपं वाटतं. बाऊजींच्या तोंडून ऐकताना नाही वाटलं. त्यांच्या वडिलांचं बन्नूला कापडाचं दुकान होतं. 'उन्होंने कभी ईंट उठाई नहीं थी, बेटा.' कुरुक्षेत्राच्या छावणीतून इथे तंबूत आले तेव्हा बाऊजी सात-आठ वर्षांचे. त्यांना आठवतं ते वडिलांचे हात. पहिल्या आठवड्यात तळव्यांना फोड आले, ते फुटले, आई रात्री त्यावर हळद-तेल लावायची आणि वडील सकाळी परत जायचे. दुकानदार माणूस, गिऱ्हाइकासमोर कापड उलगडणारा. त्याने ओळीत उभं राहून विटा पुढे द्यायच्या. शेजारी कोहाटचा सावकार, त्याच्या पलीकडे कुणी शिक्षक. पहिली मजुरी घरी आणली त्या दिवशी वडील एक शब्द बोलले नाहीत, पैसे आईपुढे ठेवले आणि बाहेर जाऊन बसले. बाऊजी म्हणाले, ते दुःख होतं की समाधान, हे मी पुढे कितीदा विचारायचं ठरवलं आणि कधी विचारलं नाही.

एक गोष्ट ऐकून मला फार जवळचं काही सापडल्यासारखं झालं. छावणीतल्या मुलांच्या शिक्षणासाठी सेवाग्रामहून आशादेवी आर्यनायकम् आल्या होत्या, गांधीजींची हातकामातून शिकवणारी नई तालीम घेऊन. वर्ध्याजवळच्या त्या शाळेतली टकळी बन्नूच्या मुलांच्या हातात फरीदाबादच्या तंबूत आली! बाऊजींनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरवून दाखवली, सूत काढल्यासारखी. बोटं अजून विसरली नाहीत.

आज सकाळी मैत्रिणीला सोडायला न्यू टाउन स्टेशनवर गेले. दिल्लीला निघालेली गर्दी बघायला मिळणार हे माहीतच होतं, ती होतीही. पण दिल्लीकडून आलेल्या गाडीतूनही भरपूर माणसं उतरली आणि जेवणाच्या डब्याच्या पिशव्या सांभाळत कारखान्यांच्या दिशेने चालू लागली. मला हे दृश्य फार महत्त्वाचं वाटलं. एनआयटी म्हणजे न्यू इंडस्ट्रियल टाउन. जिथे राहायचं तिथेच काम मिळायला हवं हा त्याचा पाया. दुसऱ्या महायुद्धाची भरपाई म्हणून जर्मनीकडून आलेलं वीजकेंद्र इथे आणून उभारलं गेलं ते याचसाठी: वीज असेल तर कारखाने येतील, कारखाने आले तर हातांना काम मिळेल. आणि आले. बाटा, एस्कॉर्ट्स, गुडइयर. मेट्रोची स्टेशनंसुद्धा 'बाटा चौक', 'एस्कॉर्ट्स मुजेसर' अशी आहेत. फरीदाबाद हे हरियाणातलं सगळ्यात मोठं शहर, 2011 च्या जनगणनेत 14 लाखांवर माणसं. या शहराला दिल्लीची झोपायची जागा समजणं मला आता जमणार नाही. दिल्लीच तिकडे कामाला जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

तरीही मैत्रिणीच्या घरातलं चित्र वेगळं आहे, आणि ते मला खुपलं. बाऊजी इथल्याच एका कारखान्यात नोकरी करून निवृत्त झाले, सायकलने जायचे, दुपारी जेवायला घरी यायचे. त्यांचा मुलगा नोएडाला, सून दिल्लीला, नातू गुरुग्रामला. चार माणसांच्या घरात दिवसभर एकटे बाऊजी. शहर वसवताना जे टाळायचं होतं तेच त्यांच्या वाट्याला आलं. यात घरातल्या कुणाचा दोष नाही. त्यांच्या शिक्षणाला साजेशी कामं रुळांच्या या बाजूला पुरेशी आली नाहीत, एवढंच. विकास मंडळ बंद झालं, सहकारी सोसायट्या मागे पडल्या, आणि पुढच्या नियोजनात 'जिथे घर तिथे काम' हा विचार कुणी जिवापाड धरला नाही. याची किंमत रोज दोन-अडीच तास प्रवासात घालवून माणसं मोजताहेत. मला हा अन्याय वाटतो.

मग बाऊजींबरोबर फिरायला निघाले. एनआयटीतल्या वस्त्यांना नुसते नंबर आहेत: एक नंबर, दोन नंबर, असं पाच नंबरपर्यंत. सुरुवातीची घरं बुटकी, पुढे-मागे मोकळी जागा असलेली. आता बहुतेक ठिकाणी प्लॉट भरून तीन-चार मजले चढलेत, गल्लीत ऊन येत नाही. बाऊजींच्या घराचीही तीच गत, पण मागच्या अंगणाची एक भिंत त्यांनी पाडू दिलेली नाही. गिलावा उडालाय, विटा उघड्या पडल्यात. जवळ जाऊन पाहिलं. वीट सरळ रेषेत नाही. एक ओळ डावीकडे उतरत गेलीय, वरच्या ओळीत जाड सांधे भरून ती सावरून घेतलीय. नवशिक्याचा हात लगेच कळतो. आणि त्याच्या वरच्या सगळ्या ओळी अगदी सरळ. काम करता करता माणूस शिकत गेला, ते त्या भिंतीत जसंच्या तसं राहिलंय. मी किती वेळ तिच्यावरून हात फिरवत होते.

तिथून रिक्षाने बीके चौक. बीके म्हणजे बादशाह खान. या लोकांनी श्रमदान करून इस्पितळ उभारलं आणि त्याला आपल्या नेत्याचं, गफारखानांचं नाव दिलं. 1951 मध्ये नेहरूंच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. विचार केला तर अंगावर काटा येतो. फाळणीत सगळं गमावून आलेल्या हिंदू-शीख माणसांनी, हाताला घट्टे पडेपर्यंत राबून बांधलेली पहिली मोठी सार्वजनिक इमारत सीमेपलीकडे राहिलेल्या एका मुसलमान पुढाऱ्याच्या नावे केली. त्या वर्षांत, त्या जखमा ओल्या असताना. मोठ्या मनाची याहून मोठी खूण आपल्या देशात फार ठिकाणी सापडणार नाही.

2020 च्या डिसेंबरात इस्पितळाचं नाव बदलून अटलबिहारी वाजपेयींचं नाव दिलं गेलं. वाजपेयींबद्दल माझ्या मनात आदर आहे, बाऊजींच्याही आहे. त्यांच्या नावाने नवं इस्पितळ बांधता आलं असतं, शहराला गरजही आहे. ज्यांनी हे बांधलं त्यांनी ठरवलेलं नाव पुसायला नको होतं. मी हे बाऊजींना बोलून दाखवलं. ते फाटकाकडे बघत म्हणाले, 'नाम हमने चंदे में नहीं, पसीने में दिया था.' मग गप्प झाले आणि रिक्षावाल्याशी भाड्यावरून पंजाबीत हुज्जत घालायला लागले. रिक्षावाला अजून 'बीके, बीके' असंच ओरडत होता.

येताना मात्र मेट्रो धरली, नीलम चौक अजरौंदाहून. गार डबा, बसायला जागा, लाजपतनगर कधी आलं कळलंही नाही. घरात शिरताना जाणवलं की ही माझी वस्तीसुद्धा निर्वासितांसाठीच वसवलेली आणि मी इतके महिने इथे राहून एकाही म्हाताऱ्या माणसाशी धड बोललेले नाही. तेही आता करायचंय.

निघताना बाऊजींना विचारलं होतं, हे सगळं नीट रेकॉर्ड करून ठेवू का. तंबू, टकळी, वडिलांचे हात, वीजकेंद्र सुरू झालं तो दिवस, आणि बन्नूवाली बोली, जी आता त्यांच्या घरात त्यांच्याशिवाय कुणीच बोलत नाही. ते 'हो' म्हणाले, पण एका अटीवर: त्या वेळी नातवानेही समोर बसायचं, मोबाइल बाजूला ठेवून. त्याने हे कधी पुरतं ऐकलेलं नाही. तो गुरुग्रामहून रात्री उशिरा येतो आणि शनिवारीही बऱ्याचदा ऑफिसला जातो, म्हणून रविवार ठरवलाय. आत्ता मैत्रिणीचा निरोप आला, नातू तयार आहे आणि त्याने स्वतःहून विचारलंय की भिंतीचे फोटोही घ्यायचे का. घ्यायचे, म्हणून कळवलं. रविवारी सकाळच्या ईएमयूची वेळ तिच्याकडून विचारून घ्यायची राहिलीय.