जिप्सीची मडगार्डं कापून 235/75 आर15: काम कुठवर आलं

गाडी मारुती जिप्सी. मूळ टायर 205/70 आर15, आता 235/75 आर15 (पहिला आकडा रुंदी मिमीत, दुसरा बाजूच्या उंचीची रुंदीशी टक्केवारी, शेवटचा रिमचा व्यास इंचांत). व्यास 668 वरून 734 मिमी झाला, म्हणजे वरच्या कमानीकडे 33 मिमी वाढ. रिम 15×7 इंच, ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून चाक हबवर टेकतं तिथपर्यंतचं अंतर) मूळच्यापेक्षा 15 मिमी कमी. टायरच्या वाढीव रुंदीतले निम्मे 15 आणि ऑफसेटचे 15, असा टायर 30 मिमी बाहेर येतो. आतल्या बाजूला पाट्यापासूनचं (लीफ स्प्रिंगपासूनचं) अंतर होतं तेवढंच राहतं, त्यामुळे स्पेसरची (चाक बाहेर सरकवणाऱ्या चकतीची) भानगड नाही.

33 मिमी वाढलं तर 40 कापलं की झालं, हा हिशोब डांबरी रस्त्याचा. रावेर-यावलकडे केळीच्या बागांत जाणारे शेतरस्ते काळ्या मातीचे. पहिल्या पावसानंतरचा गारा टायरवर थरावर थर चढतो, टायर आणि आतल्या पत्र्यामध्ये ठासून बसतो आणि वाळला की विटेसारखा होतो. आधी रंग खरवडला जातो, मग चाकच अडतं. म्हणून पाटा बंप स्टॉपला (पाट्याची वरची हालचाल अडवणाऱ्या रबरी ठोकळ्याला) टेकलेला असताना चहूबाजूंनी 50 मिमी मोकळं, हे माप धरलं.

खुणा करताना पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक 300 मिमी ठोकळ्यांवर चढवलं, टायरच्या खांद्याला ओला खडू फासला आणि स्टीअरिंग दोन्हीकडे फुल टर्न फिरवलं. पांढरं उमटलं दोन ठिकाणी: बंपरच्या टोकामागे आणि मडगार्डच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात. पुढची मडगार्डं बोल्टची, ती काढून बाकावर कापली. चार इंची ग्राइंडर, 1 मिमी कटिंग डिस्क. कोपऱ्यात 60 मिमी गेलं. त्यामागे फ्लोअरच्या पत्र्याची शिवण आहे. ती कापू नका, हातोडीने चपटी करा.

खरी मेहनत मागे. तिथे पत्रे दोन, बाहेरचा आणि आतल्या कमानीचा, कडेला स्पॉट वेल्डने जोडलेले. डाव्या बाजूला दोन्ही एकदमच कापले ही चूक झाली. मध्ये फट उघडी पडली, आतला पत्रा बाहेरच्यापर्यंत पोचेना आणि 20 मिमीची पट्टी वेगळी जोडावी लागली. उजवीकडे आधी फक्त बाहेरचा पत्रा कापला. आतल्याला दर 30 मिमीवर उभ्या चिरा देऊन जिभा केल्या, त्या वर वळवून बाहेरच्या पत्र्याला टेकवल्या. ही रीत सोपी, शिवाय मजबूत.

वेल्डिंग सीओटूचंच (कार्बन डायऑक्साइड वायू सोडत तार वितळवणारं), 0.8 मिमीची तार. साध्या आर्कने इतक्या पातळ पत्र्याला भोकं पडतात. एक टॅक (वेल्डचा ठिपका) इथे, पुढचा समोरच्या टोकाला. सलग ओढलं की पत्रा लाटेसारखा वळतो. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची. पेट्रोलचा फिलर पाइप ज्या बाजूला आहे तिथे तो उतरवून टाकीचं तोंड बंद करायचं. यात हयगय नको. नंतर झिंक प्रायमर, सीम सीलर (शिवणी बुजवणारा लेप), आतून अंडरबॉडी कोटिंग. सीलर राहिला तर तो गारा शिवणीत ओल धरून बसतो आणि पत्रा आतून कुजतो. बाहेर पुट्टी 2 मिमीच्या वर नाही; जाड थर उन्हात तडकतो.

बाहेर आलेला टायर झाकायला कमानीवर लावायचे फ्लेअर फायबरचे. एम6 रिव्हनट (पत्र्याच्या भोकात रिव्हेटसारखा बसणारा नट) दर 150 मिमीवर, पण फ्लेअरमधलं भोक 8 मिमी आणि लांबट, वर रुंद वॉशर, पत्र्यालगत रबराची पट्टी. जळगाव-भुसावळचा मे महिना 45 अंशांपर्यंत जातो. फायबर पत्र्यापेक्षा जास्त फुगतं, घट्ट भोक असलं की बोल्टभोवती चांदणीसारख्या चिरा पडतात.

कागदाचं: आरसीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये अडकतो. ग्राइंडर उचलण्याआधी आरटीओत विचारा.

स्पीडोमीटर 60 दाखवतो तेव्हा गाडी साधारण 66 ने जाते. चांदसैली घाटातल्या वळणांवर पुढचं उजवं चाक फुल टर्नला अजून बारीक घासतं. स्टॉप बोल्ट (चाक किती वळेल ते ठरवणारा) एक आटा बाहेर काढून पुन्हा बघायचं आहे. चाक पूर्ण लोंबकळत असताना ब्रेकचा होज ताणतो का, तेही तपासायचं आहे.