दारापाशीची शांतता

‘द विझार्ड ऑफ ऑझ’ हा १९३९चा चित्रपट अंध मुलांच्या एका निवासी शाळेत दाखवायचा होता आणि त्याचे ध्वनिवर्णन माझ्याकडे आले होते. (‘दाखवायचा’ या शब्दाला तेथील मुले मुळीच बिचकत नाहीत, बिचकतात ते पाहुणे.) संवादांचा मराठी अनुवाद माझा सहकारी माइकवर वाचणार होता. पडद्यावर जे केवळ दिसते, ते संवादांच्या अधल्यामधल्या जागेत मी सांगायचे होते. ही जागा कधी दोन सेकंदांची असते, कधी तेवढीही नसते, त्यामुळे संहिता लिहिताना अर्थाइतकाच श्वासही मोजावा लागतो. आयोजकांना मात्र कोणतीही जागा मोकळी राहिलेली चालत नव्हती. वर्णनकार गप्प बसला की पैसे वाया गेले, असा समज या क्षेत्रात सर्रास आढळतो.

मी सर्वाधिक मेहनत घेतली होती ती एका दारावर. वादळात उडालेले घर जमिनीवर आदळते, चित्रपटाची छोटी नायिका डोरोथी दार उघडते आणि तोवर तपकिरी छटेत चाललेला चित्रपट रंगीत होतो. ही किमया साधण्यासाठी घराची आतली बाजू तपकिरी रंगवून ते दृश्य रंगीत फिल्मवरच चित्रित केले होते. दार उघडणारी पाठमोरी मुलगी ही तपकिरी कपड्यांतली बदली कलाकार होती. ती बाजूला होताच निळ्या चौकडीच्या झग्यातली खरी डोरोथी, म्हणजे अभिनेत्री ज्युडी गार्लंड, पुढे येते. चित्रपट ज्यावर बेतला आहे त्या एल. फ्रँक बॉमच्या १९००च्या पुस्तकातले डोरोथीचे चांदीचे बूट चित्रपटात माणकांचे झाले, तेही टेक्निकलर या रंगीत चित्रणाच्या तंत्रात लाल रंग खुलून दिसावा म्हणूनच. जन्मांध मुलांपर्यंत हे सारे पोचावे म्हणून मी उन्हाची ऊब, ओल्या पानांचा वास आणि चिंचेची आंबट चव एकत्र गुंफून एक लांबलचक वाक्य रचले होते, आणि खरे सांगायचे तर त्या वाक्यावर मी खूश होते.

प्रत्यक्षात घर आदळले, वाऱ्याचा घोंगाट एकदम थांबला आणि मी ते वाक्य सुरू केले. सभागृहात कोणी हसले नाही, की कोणी चुळबुळही केली नाही.

चित्रपट संपल्यावर आम्ही मुलांमध्ये जाऊन बसलो. पाचूनगरीतला रंग बदलणारा घोडा त्यांना फार आवडला होता. त्याच्या अंगाला जेलीची पूड चोळली होती आणि तो ती चाटून टाकत असे, हे सांगताच कोणत्या रंगाची चव कशी असेल यावर वाद जुंपला. तेवढ्यात सहावीतला एक मुलगा म्हणाला, “ताई, घर पडल्यावर सगळं एकदम गप्प झालं होतं. आता काय होणार म्हणून मी कान लावून बसलो होतो, आणि तुम्ही चिंच सांगायला लागलात.”

मला उत्तर सुचले नाही. पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी डोरोथीला वाटणारी धास्ती त्या शांततेत होती. ती त्याने अचूक ऐकली होती आणि मी तिच्यावर बोलत सुटले होते. मात्र त्याच्या शेजारच्या मुलीला थोडेसे दिसते. ती लगेच म्हणाली, “नाही ताई, मला पडदा उजळल्यासारखा वाटला, पण का ते तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं.”

शाळेने आता हाच चित्रपट लहान वर्गांसाठी पुन्हा ठेवला आहे. नव्या संहितेत मी दारापाशी दोनच वाक्ये ठेवली आहेत: ‘ती दार उघडते. बाहेर सगळे रंगीत आहे.’ दुसरे वाक्य शांततेआधी घेता येत नाही, कारण दार अजून उघडलेले नसते. नंतर घ्यावे, तर पडदा उजळण्याची वेळ टळून जाते. तालमीत सहकारी घड्याळ लावून बसतो आणि मी ते वाक्य अर्ध्या सेकंदाने पुढे-मागे सरकवत राहते.